बेटावरचं पाणी

शहापूर तालुक्यात वाढलेल्या माणसाला बेटाची ओळख लहानपणीच होते, कारण आमचं पाणी एका बेटाला जातं. मुंबई मुळात सात बेटांची. भराव घालून ती जोडली गेली, माणसं वाढली, विहार आणि तुळशी तलावांचं पाणी पुरेना, तेव्हा इंग्रज सरकारची नजर सह्याद्रीच्या पायथ्याकडे वळली. १८९२ मध्ये तानसा नदीवर जवळजवळ तीन किलोमीटर लांबीचा दगडी बांध पुरा झाला. १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर आला, पुढे भातसा आली. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत मिळून जो साठा होतो, त्यातला जवळपास निम्मा एकट्या भातसाचा. आणि हे सगळं ज्या तालुक्याच्या कुशीत आहे, तिथल्या डोंगरपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरने पाणी द्यावं लागतं. ही गोष्ट आता बातमी म्हणूनही कुणाला टोचत नाही, आणि मला त्याचंच दुःख जास्त आहे.

हे सगळं मनात घेऊन मी कॅनडाला निघाले होते असं मुळीच नाही. आम्ही निघालो होतो भटकायला. शहापूरच्या शाळेत एका बाकावर बसणाऱ्या आम्ही चौघी. एक डोळखांबची, आरोग्य केंद्रात नर्स म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली. एक किन्हवलीची. एक मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याची, शाळेपुरती शहापूरला मामाकडे राहिलेली, जी आजही स्वतः भातशेती करते. आणि मी, मराठी शिकवण्यात आयुष्य घालवलेली. किन्हवलीच्या मैत्रिणीची लेक व्हँकूव्हर बेटावर नानाइमो नावाच्या गावात राहते. ती गेली काही वर्षं सांगत होती, मावशींनो, गुडघे चालताहेत तोवर या. तारीख ठरवली ती टोकावड्याच्या मैत्रिणीच्या शेताने. लावणी झाली, बेणणी उरकली, गणपती बोळवले, कापणीला अजून अवकाश होता. त्या फटीत आम्ही विमानात बसलो.

व्हँकूव्हर शहर या बेटावर नाही, ते समोरच्या मुख्य भूमीवर आहे. तिथल्या हॉर्सशू बे बंदरातून मोटारी पोटात घेणारी मोठी बोट दीड-पावणेदोन तासांत बेटावर पोचवते. बेट म्हणताना डोळ्यांसमोर जे येतं ते विसरावं लागतं. हे बेट साधारण ४६० किलोमीटर लांब आहे आणि आजच्या ठाणे जिल्ह्याएवढे सात जिल्हे त्यात मावतील. मधोमध डोंगरांचा कणा. समुद्राकडून येणारे ढग पश्चिमेच्या बाजूला रिते होतात आणि पूर्वेला कोरडं राहतं. घाटमाथ्याकडे पाहत वाढलेल्यांना हे समजायला नकाशा लागला नाही. फक्त महिने उलटे. तिथं पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा जातो. सप्टेंबरात गवत पिवळं पडलेलं, जंगलात शेकोटीला बंदी. टोकावड्याची मैत्रीण रस्ताभर ते गवत बघत होती. "थंडीत पाऊस, मग इथं पेरायचं कधी?" तिने विचारलं, आणि लेकीला ते उत्तर नीट देता येईना तेव्हा रस्त्याकडेच्या एका भाजीवाल्या शेतकऱ्यापाशी गाडी थांबवायला लावून तिने ते मिळवलं. वसंतात पेरायचं आणि उन्हाळाभर तळ्याचं, विहिरीचं पाणी द्यायचं. मग तिचं समाधान झालं.

बेटाच्या दक्षिण टोकाला व्हिक्टोरिया आहे, प्रांताची राजधानी. बंदर, संसदेची इमारत, फुलांच्या टोपल्या टांगलेले दिवे. सुंदर आहे, पण तिथं मन फार रमलं नाही. बुचार्ट बागेत मात्र रमलं. जेनी बुचार्ट या बाईंच्या नवऱ्याचा सिमेंटचा कारखाना होता. त्यासाठी चुनखडी काढून काढून घराजवळ खाण खोल गेली आणि दगड संपला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाईंनी त्या खड्ड्यात घोडागाड्यांनी माती आणून ओतली आणि बाग उभी केली. कड्यावरून खाली पाहताना फुलांपेक्षा मला ते माती वाहणं दिसत होतं. आमच्याकडेही डोंगर कापले जातात. शहापुरातून समृद्धी महामार्ग गेला, त्याआधी नाशिकचा रस्ता रुंद झाला. दगड आणि मुरूम कुठून तरी यायचाच. रस्ते हवेत, मीही त्यांवरून जाते. पण कापून झालेल्या डोंगरापाशी परत माती घेऊन कुणी आलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

व्हिक्टोरियात जेवताना नळाचंच पाणी पुढ्यात आलं. ते सूक नावाच्या तळ्याचं, आणि त्या तळ्याभोवतीचं पाणलोटाचं जंगल लोकांना बंद आहे, असं लेकीने सांगितलं. कुणी फिरायला जात नाही, कुणी तंबू ठोकत नाही. डोळखांबच्या मैत्रिणीने विचारलं, "आणि तळ्याच्या काठावरची गावं कुठून पाणी भरतात?" काठावर गावंच नाहीत म्हटल्यावर ती गप्प झाली. तिची सगळी नोकरी पाड्यांवर गेली. फेब्रुवारी सरला की विहिरी तळाला जातात. मग बायका ओढ्याच्या वाळूत डवरा खणतात, वाटीने वाटीने हंडा भरतात. एप्रिल-मेमध्ये जुलाब-उलट्यांनी कोमेजलेली पोरं तिच्या केंद्रात येत. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणारा हा मुलूख. पण तो चार महिन्यांत कोसळतो, काळ्या कातळावरून घसरतो आणि उताराने धरणात जातो. धरण खाली, पाडा वर. धरणातलं पाणी आणखी खाली जायला नळ आहेत, वर चढायला नाहीत.

नानाइमोहून पश्चिम किनाऱ्याकडे जाणारा एकच रस्ता आहे. त्याच्या कडेला, पोर्ट अल्बर्नीच्या अलीकडे, कॅथीड्रल ग्रोव्ह नावाचं राखलेलं रान लागतं. डग्लस फरची झाडं, काही आठशे वर्षांची. आठशे वर्षांपूर्वी आपल्याकडे यादवांचं राज्य होतं, ज्ञानेश्वर अजून जन्मायचे होते. सर्वांत मोठ्या झाडाचा घेर नऊ मीटर. आम्ही चौघी हात धरून त्याला कवेत घ्यायला उभ्या राहिलो तरी पुरा बुंधा भरला नाही. सावली इतकी दाट की भर दुपारी अंगावर शाल घ्यावी लागली. पडलेली झाडं तिथंच पडू देतात. त्यांच्या कुजत्या अंगावर नवी रोपं रांगेने उगवलेली होती. मोहाच्या, ऐनाच्या, सागाच्या जंगलात वाढूनही झाडापुढे एवढं लहान मला कधी वाटलं नव्हतं.

हे रान एच. आर. मॅकमिलन या लाकडाच्या बड्या व्यापाऱ्याने १९४४ मध्ये प्रांताला दिलं, १३६ हेक्टर. पाटीवर त्याचं नाव आहे आणि ते असावं. पण त्या एका तुकड्यापलीकडे या बेटावरची किती जुनी जंगलं करवतीखाली गेली, ते पुढच्या रस्त्यावर दिसतं. डोंगरच्या डोंगर एका वयाच्या, एका उंचीच्या झाडांनी भरलेले. ती लावलेली झाडं. त्यांत पक्षी थोडे, सावली पातळ. मॅकमिलन हे नाव मी लक्षात ठेवलं, कारण ते पुढे पुन्हा येणार होतं.

पोर्ट अल्बर्नीजवळ स्टॅम्प नावाच्या नदीवर धबधबा आहे आणि त्याच्या बाजूने माशांना चढायला पायऱ्यांसारखी पाण्याची वाट बांधून दिली आहे. सप्टेंबरात सामन मासे समुद्रातून परत येतात, ज्या ओढ्यात जन्मले त्याच ओढ्यात अंडी घालायला. आम्ही काठावर उभ्या होतो आणि हातभर लांबीचे मासे धारेवर झेपा घेत होते, आपटत होते, पुन्हा उसळत होते. आणि आम्हा चौघींच्या तोंडून एकाच वेळी एकच शब्द आला, "वलगण!" मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की आमच्या नद्या-ओढ्यांतले मासे उलट्या धारेने खाचरांत चढतात. रात्री बत्ती घेऊन पोरं-बाप्ये बांधावर जातात, बायका चुलीवर तवा टाकून वाट पाहतात. त्या वेळी मासे अंड्यांनी भरलेले असतात, म्हणून काही म्हातारी माणसं वलगणीचे मासे थोडेच धरा, बाकीचे वर जाऊ द्या, असं बजावत. ते बजावणं आता कमी झालंय.

तिथल्या माहितीफलकावर एक गोष्ट होती, जी मला फार मोलाची वाटली. अस्वलं हे मासे धरून रानात नेतात, अर्धवट खातात आणि टाकतात. उरलेला मासा मातीत जातो आणि त्यातला नायट्रोजन झाडं घेतात. व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या टॉम राइमकेन या शास्त्रज्ञाने नदीकाठच्या झाडांच्या वर्तुळांत हा समुद्रातून आलेला नायट्रोजन शोधून दाखवला. म्हणजे समुद्र माशाच्या पोटातून डोंगर चढतो आणि झाड होतो, आणि झाडं ओढ्याला सावली देऊन पाणी गार ठेवतात म्हणून माशांची अंडी जगतात. जंगल, पाणी, मासा यांची वेगवेगळी खाती करणं ही आपली सोय आहे. रानाला ती ठाऊक नाही.

मग टोफीनो. बेटाच्या पश्चिम काठावरचं, पॅसिफिकच्या तोंडावरचं छोटं गाव. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. लाटांवर फळ्या घेऊन खेळणारी पोरं, धुकं, लांबच लांब वाळू. लेकीने आम्हाला समुद्र दाखवायला आणलं होतं. पण धक्क्यावर उभं राहिलं की समुद्राआधी समोरचं मीअर्स बेट दिसतं, हिरवंगार, सुळक्यासारखा डोंगर घेतलेलं. टोफीनोचं पिण्याचं पाणी तिथल्या ओढ्यांतून येतं, समुद्राच्या तळावरून टाकलेल्या नळाने. हे कळल्यापासून आम्हा चौघींचं लक्ष लाटांवरून उडालं ते उडालंच.

बोटीने पलीकडे गेलो. सीडरच्या फळ्यांची अरुंद पायवाट, खाली चिखल, शेवाळं, नेच्यांचे गुच्छ, आणि हजार-हजार वर्षांचे सीडर वृक्ष. एकाच खोडावर दुसरी झाडं उगवलेली. काही खोडांवर उभी, वर निमुळती होत गेलेली जुनी खूण दिसते. इथले मूळ लोक, त्ला-ओ-क्वि-आट, सालीची एक पट्टी सोलून घेत आणि तिचे दोर, टोपल्या, कपडे विणत. झाड मरू नये एवढीच घेत. ते झाड आजही उभं आहे, आणि ती पट्टी सोलणारे हात कधीच मातीत गेले आहेत. आमच्या पाड्यांवरच्या बायका मोहाची फुलं वेचतात, झाडाला हात लावत नाहीत. टोकावड्याच्या मैत्रिणीने त्या खुणेवर तळवा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅकमिलन ब्लोडेल कंपनीने हे बेट तोडायला घ्यायचं ठरवलं. कॅथीड्रल ग्रोव्ह देणाऱ्या मॅकमिलनचीच ही कंपनी, विलीनीकरणाने मोठी झालेली. रस्त्याकडेचा एक तुकडा दान द्यायचा आणि आतलं बेट कापायचं, यावर मला माझं मत लपवायचं नाही. ते दान मला त्या दिवसापासून लहान वाटू लागलं. १९८४ मध्ये त्ला-ओ-क्वि-आट लोकांनी मीअर्स हे आपलं राखीव रान आहे असं जाहीर केलं. त्यांचे प्रमुख मोझेस मार्टिन तोडणीवाल्यांना किनाऱ्यावर सामोरे गेले. बेटावर तुमचं स्वागत आहे, पण करवती बोटीत ठेवून या, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आणि त्यांच्या बाजूला टोफीनोचे गोरे रहिवासीही उभे राहिले, कारण त्यांच्या घरातलं पाणी त्या रानातून येत होतं. १९८५ मध्ये न्यायालयाने तोड थांबवली. आसपासच्या क्लेक्वॉट खाडीतल्या जंगलांसाठी १९९३ च्या उन्हाळ्यात पुन्हा लढा झाला, रस्ता अडवणाऱ्या साडेआठशेहून अधिक माणसांना अटक झाली. त्यांत आज्या होत्या, कॉलेजची पोरं होती.

मला त्या बेटावर जे थांबवून ठेवत होतं ते हे. पाणी पिणारं गाव आणि पाणी राखणारी माणसं एकाच बाजूला उभी राहिली. टोफीनोला उंबऱ्यातून आपला उगम दिसतो, म्हणून असेल. मुंबईला आपला उगम दिसत नाही. शंभर किलोमीटर अंतर आहे, मध्ये नळ आहे, आणि नळ जमिनीत गेला की माणसंही नजरेआड होतात.

टोफीनोचा पाठ तेवढ्यावर संपत नाही. २००६ च्या ऑगस्टअखेरीस, ऐन गर्दीच्या सुट्टीच्या तोंडावर, या गावातलं पाणी संपलं. एवढ्या पावसाचं गाव. पण ओढे लहान, साठवण तोकडी, उन्हाळा कोरडा आणि पाहुणे गावाच्या कितीतरी पट. हॉटेलं-खानावळी बंद ठेवायचा आदेश निघाला आणि शेवटी टँकरने पाणी आणून दिवस काढावे लागले. लेकीने हे सांगितलं तेव्हा डोळखांबची मैत्रीण म्हणाली, "टँकर? इथं?" तिच्या आवाजात आश्चर्य होतं आणि तिथल्या लोकांबद्दल कळवळाही होता. टँकरची वाट पाहणं काय असतं हे ठाऊक असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या टँकरचं सुख वाटत नाही. फरक एवढाच की टोफीनोचा तो एकच उन्हाळा जगभर बातमी झाला, आणि त्यानंतर साठवण वाढवली गेली.

कॅनडाचं हे चित्र सगळं उजळ नाही, आणि ते तसं रंगवणं त्या लोकांवर अन्याय होईल. याच मीअर्स बेटावर १९०० पासून आदिवासी मुलांची निवासी शाळा होती. आईबापांपासून तोडलेल्या मुलांना तिथं आपली भाषा टाकायला लावत. त्या देशात कितीतरी आदिवासी वस्त्यांना वर्षानुवर्षं पाणी उकळून प्या असं सांगितलं जातं. शेजारच्या शहराला मात्र स्वच्छ पाणी असतं. बेट वाचलं तरी मालकीचा मूळ प्रश्न न्यायालयात लोंबकळत राहिला. तरीही २०२४ मध्ये क्लेक्वॉटमधलं सुमारे ७६ हजार हेक्टर रान तिथल्या मूळ लोकांच्या सहभागाने कायम राखायचं ठरलं. पहिल्या घोषणेपासून चाळीस वर्षं. इतकं थांबता येतं, हे मला त्यांच्याकडून घ्यावंसं वाटलं.

त्या रात्री टोफीनोच्या खोलीत झोप कुणालाच आली नाही. टोकावड्याची मैत्रीण बोलायला लागली. माळशेजच्या पायथ्याशी काळू नदीचं खोरं आहे. तिथं महानगरातल्या शहरांसाठी धरण बांधायचं ठरलं. २०११ मध्ये वनखात्याची परवानगी नसतानाच काम सुरू झालं. खोऱ्यातली आदिवासी आणि कुणबी माणसं, त्यांत बाया पुढे, श्रमिक मुक्ती संघटनेबरोबर उभी राहिली, आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबवलं. योजना मात्र कागदावर अजून जिवंत आहे. शहापूरच्या बाजूला शाई नदीवरच्या धरणाचीही तीच कथा. तिचं स्वतःचं शेत बुडणाऱ्या भागात नाही, पण बहिणीचं आहे. "पाणी द्यायला आम्ही नाही म्हणत नाही गं," ती म्हणाली. "आमच्या हंड्यातलं आधी आमच्या पोरांना, मग त्यांना. एवढंच आहे. एवढं सांगायला कोर्टात जावं लागतं." 

मी तिच्या बाजूची आहे. शहरातल्या नळाला मी वाईट म्हणत नाही. माझा मुलगा त्याच नळाचं पाणी पितो. पण उगमाशी राहणाऱ्या माणसाचा पहिला घोट हा हक्क आहे, आणि तो धरणाच्या आराखड्यात पहिल्या ओळीत असायला हवा. तो पुढे चाळीस-पन्नास वर्षांनी वेगळी योजना म्हणून यावा, हे मला मान्य नाही. इगतपुरीच्या भावली धरणातून उताराने पाणी आणून शहापूरचे पाडे भिजवण्याची योजना आता कामाला लागली आहे. ती पुरी व्हावी असं मनापासून वाटतं. पण भातसा आमच्या दारात असताना आमच्यासाठी पाणी घाटावरून यावं लागतं, हेही मी विसरू शकत नाही.

किन्हवलीच्या मैत्रिणीची दोन नातवंडं आमच्या गप्पा ऐकत होती. त्यांना मराठी कळतं, बोलताना अडखळतात. धाकटीने आजीला विचारलं, तुझं मीअर्स कुठंय? आजी आमच्याकडे बघू लागली. मग चौघींनी मिळून तिथल्या तिथं बेत आखला. पोरं भारतात आली की गेटवेला नंतर न्यायचं. आधी तानशाचा बांध. मग डोळखांबला मुक्काम, आजोबा नावाच्या डोंगराखाली, पाड्यावरच्या विहिरीवर सकाळी. मग टोकावडं, काळूचं खोरं, मासळी मिळाली तर नाचणीची भाकरी आणि मासळी. आणि शेवटी मुंबईत जाऊन नळ उघडायचा.

लेक म्हणाली, जुलैत येऊ, त्यांना सुट्टी असते, धबधबे बघता येतील. डोळखांबची मैत्रीण लगेच म्हणाली, धबधबे सगळेच बघतात, शनिवार-रविवारी माळशेजला उभं राहायला जागा नसते, मे महिन्यात या. मे महिन्यात पोरांची शाळा असते. लेकीने जरा विचार केला, आणि शाळेला काय सांगायचं ते मी बघते म्हणाली.